माहिती मागू नका, कागद मागा

‘आमच्या कॉलनीतला रस्ता सहा महिन्यांत का उखडला, याची माहिती मिळावी.’ असा माहिती अधिकाराचा अर्ज नाशिक महापालिकेच्या राजीव गांधी भवनात गेला की उत्तर काय येणार हे तिथल्या टायपिस्टलाही पाठ असतं: ‘आपण मागितलेली माहिती प्रश्नार्थक स्वरूपाची असल्याने देता येत नाही.’ वाचून डोकं फिरतं, पण उत्तर कायद्याला धरून आहे. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम २(च) मध्ये माहिती म्हणजे अभिलेख, दस्तऐवज, आदेश, अहवाल, रोजवह्या, नमुने असं काहीतरी, जे कार्यालयात आधीपासून पडलेलं आहे. नसलेली माहिती नव्याने तयार करून देणं, मत देणं, खुलासा करणं हे जन माहिती अधिकाऱ्याचं काम नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सीबीएसई विरुद्ध आदित्य बंडोपाध्याय प्रकरणात सांगून टाकलं आहे. ‘का’ला फाइलमध्ये पान नसतं. मोजमाप पुस्तिकेला असतं.

त्यामुळे कायद्याची कलमं नंतर, आधी कागदांची नावं शिकायची. आणि त्याही आधी एक बघायचं, की या कागदाला माहिती अधिकार लागतो तरी का?

सातबारा, आठ-अ, अलीकडचे फेरफार यांच्यासाठी माहिती अधिकाराचा अर्ज टाकणारे लोक आजही भेटतात. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा १५ रुपयांत घरबसल्या निघतो आणि तो कायदेशीर कामाला चालतो. पाच मिनिटांच्या कामाला उगाच महिना कशाला घालवायचा? जुने हस्तलिखित सातबारे आणि फेरफार हवे असतील तर आधी ‘आपले अभिलेख’ पोर्टलवर गाव निवडून बघा. तिथे पान नसेल किंवा स्कॅन वाचता येत नसेल, तर तहसीलच्या अभिलेख कक्षात नकलेचा अर्ज द्यायचा. माहिती अधिकाराचा नाही, साधा नकलेचा अर्ज, कोर्ट फी तिकीट लावून.

इथे लोक हमखास अडकतात ते नंबरावर. आज सातबाऱ्यावर गट नंबर असतो, पण एकत्रीकरण योजनेच्या आधीचे कागद सर्व्हे नंबरावर लागलेले असतात. ‘गट ११२ चे १९५५ पासूनचे फेरफार द्या’ असा अर्ज केला की कारकून खरं तेच सांगतो, अशी नोंद नाही. आधी भूमी अभिलेख कार्यालयातून एकत्रीकरणाचा ९(३) ९(४) चा उतारा काढायचा. त्यात जुना सर्व्हे नंबर-हिस्सा आणि नवा गट यांची सांगड असते. मग सातबाऱ्यावर खातेदाराच्या नावाजवळ असलेला फेरफार क्रमांक धरायचा, तो फेरफार काढायचा, त्यात मागच्या फेरफाराचा उल्लेख सापडतो, तो काढायचा. असं एकेक पायरी मागे जायचं. फेरफार म्हणजे फक्त नोंदीचं पान. ती नोंद ज्याच्या आधारे झाली ते खरेदीखत, वाटणीपत्र, वारसाची वर्दी, बजावलेल्या नोटिसा हे ‘फेरफारासोबतचे कागद’ म्हणून वेगळे मागावे लागतात. वादाच्या वेळी उपयोग त्यांचाच. नोटिसांवर कोणाच्या सह्या आहेत आणि कोणाच्या नाहीत, हे नोंदीच्या पानावरून कळत नाही.

क्षेत्रात फरक पडत असेल तर शब्द आणखी वेगळे: आकारबंद, आकारफोड, कमी-जास्त पत्रक म्हणजे क.जा.प., गुणाकार बुक, टिपण, फाळणी, मोजणीची ‘क’ प्रत. हे सगळे क्षेत्राचे आणि मोजणीचे कागद भूमी अभिलेख उपअधीक्षकांकडे, तहसीलमध्ये नाहीत. जिथे नगर भूमापन झालं आहे तिथे मिळकत पत्रिका म्हणजे प्रॉपर्टी कार्ड नगर भूमापन कार्यालयात मिळतं. जिथे झालेलं नाही तिथे प्लॉटचाही सातबाराच असतो. शहराच्या कडेच्या शिवारांत हा घोळ नेहमीचा, तेव्हा आधी आपला प्लॉट कोणत्या बाजूला पडतो ते बघा.

नोंदणीकृत दस्ताचंही तसंच. नोंदणी अधिनियम, १९०८ च्या कलम ५७ नुसार स्थावर मिळकतीच्या दस्तांचं पुस्तक क्रमांक १ आणि त्याची अनुक्रमणिका कोणीही शुल्क भरून पाहू शकतो, प्रत घेऊ शकतो. म्हणून शेजारच्या बंगल्याचं इंडेक्स २ मिळतं. पण पुस्तक ३, म्हणजे मृत्युपत्रं, आणि पुस्तक ४ यांच्या प्रती सरसकट कोणालाही मिळत नाहीत. काकांचं मृत्युपत्र ते हयात असताना माहिती अधिकारात मागणं म्हणजे दहा रुपये आणि एक महिना पाण्यात.

जन्माचा दाखला जन्म जिथे झाला तिथून मिळतो, आपण राहतो तिथून नाही. सिव्हिलमध्ये जन्म झाला असेल तर नोंद महापालिकेकडे, मग गाव दिंडोरीतलं असो की पेठमधलं. फार जुन्या नोंदींसाठी गाव नमुना १४ म्हणजे कोतवाल बुक बघायचं. २०२३ साली न्यायमूर्ती शिंदे समितीच्या निमित्ताने कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा हा शब्द घराघरांत गेला. ही पुस्तकं तहसीलच्या अभिलेख कक्षात असतात आणि बऱ्याच नोंदी मोडीत असतात, तेव्हा नकलेबरोबर मोडी वाचकाकडून लिप्यंतरही करून घ्यावं लागतं. नोंद मिळालीच नाही तर हात हलवत परत येऊ नका; जन्म-मृत्यू विभागाकडून अनुपलब्धता प्रमाणपत्र घ्या, पुढची पायरी त्यावरच चढता येते.

आता राहिले ते कागद, जे खिडकीवर मिळत नाहीत. कामांच्या फाइली, टिपण्या, बिलं, परवानग्या, चौकशी अहवाल. यांना माहिती अधिकार लागतो.

पहिलं काम म्हणजे कागद कोणाच्या कपाटात आहे ते ठरवणं, आणि नाशिकमध्ये हे दिसतं तितकं सरळ नाही. शहरातला रस्ता म्हटलं की लोक महापालिकेला अर्ज करतात. पण मुंबई-आग्रा महामार्ग आणि त्याच्यावरचा उड्डाणपूल राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाचा. ग्रामीण भागात राज्यमार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे, इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेकडे. सिडकोतल्या घराची घरपट्टी महापालिकेकडे, पण मूळ वाटप आणि भाडेपट्ट्याचे कागद सिडकोचे. सिंहस्थाच्या कामांत तर एकाच घाटाच्या दोन टोकांना दोन यंत्रणांचे फलक दिसू शकतात. कामाच्या जागेवरच्या फलकाचा फोटो काढून ठेवला की निम्मा शोध तिथेच संपतो, कारण कामाचं अचूक नाव, विभाग आणि ठेकेदार त्यावर असतात.

महापालिकेत एकच माहिती अधिकारी नसतो. बांधकाम, नगररचना, पाणीपुरवठा, मलनिस्सारण, मिळकत व्यवस्थापन यांचे वेगळे, आणि पूर्व, पश्चिम, पंचवटी, सातपूर, नवीन नाशिक, नाशिकरोड या सहा विभागीय कार्यालयांत वेगळे. नाव शोधत बसू नका, नावं बदलतात. ‘जन माहिती अधिकारी, अमुक विभाग’ एवढं लिहिलं की पुरे. चुकीच्या ठिकाणी गेला तर कलम ६(३) प्रमाणे त्यांनीच पाच दिवसांत योग्य कार्यालयाकडे पाठवायचा असतो. प्रत्यक्षात हे पाच दिवस बरेचदा पंचवीस होतात आणि नव्या कार्यालयाची मुदत अर्ज त्यांना मिळाल्यापासून सुरू होते. म्हणून पत्ता बरोबर असलेला बरा.

राज्याचं कार्यालय आणि केंद्राचं कार्यालय हा फरक नाशिककरांना इतर शहरांपेक्षा जास्त नडतो. नाशिकरोडचे दोन्ही छापखाने (नोटांचा आणि सिक्युरिटी प्रेस), ओझरचं एचएएल, देवळाली कॅन्टोन्मेंट बोर्ड, रेल्वे, पोस्ट, महामार्ग प्राधिकरण, हे सगळे केंद्राचे. तिथे कोर्ट फी तिकीट चालत नाही. त्यांना दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर, संबंधित कार्यालयाच्या ‘लेखा अधिकारी’ यांच्या नावाने, किंवा केंद्राच्या ऑनलाइन पोर्टलवरून अर्ज. देवळाली कॅम्पातला माणूस घरपट्टीच्या कागदासाठी सवयीने तिकीट लावून अर्ज देतो आणि पंधरा दिवसांनी शुल्क नाही म्हणून अर्ज परत येतो. केंद्राकडे पहिल्या अपिलाला शुल्क नाही, राज्यात आहे. तेही लक्षात असू द्या.

राज्याच्या कार्यालयांसाठी महाराष्ट्र माहितीचा अधिकार नियम, २००५ मधलं जोडपत्र ‘अ’ वापरायचं. छापील फॉर्म विकत घ्यायची गरज नाही, कोऱ्या कागदावर त्याच क्रमाने लिहिलं तरी चालतं: नाव, पत्ता, माहितीचा विषय, माहितीचा कालावधी, माहितीचं वर्णन, टपालाने हवी की व्यक्तिशः, दारिद्र्यरेषेखालील आहात का. असाल तर शुल्क माफ, पण दाखल्याची प्रत जोडावी लागते. वर दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट. सीबीएस म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकाजवळ जिल्हा न्यायालयाच्या आवारात तिकीट मिळतं आणि जिल्हाधिकारी कार्यालय तिथेच असल्याने एका फेरीत काम होतं. माहिती कशाला हवी हे लिहायचं नाही. कलम ६(२) प्रमाणे ते विचारायचा अधिकारच त्यांना नाही, आणि ‘कोर्टात वापरण्यासाठी’ असं स्वतःहून लिहिलं तर समोरचा माणूस सावध होतो, एवढाच त्याचा परिणाम.

२०१२ च्या दुरुस्तीने महाराष्ट्रात दोन अटी आल्या आहेत: एका अर्जात एकच विषय, आणि वर्णन साधारण १५० शब्दांत. रस्ता, गटार आणि पथदिवे एका अर्जात घातलेत तर एका विषयाची माहिती देऊन बाकीची नाकारली जाते. तीन अर्ज, तीस रुपये.

वर उखडलेल्या रस्त्याचा विषय काढला आहे, तर त्याचाच अर्ज लिहून बघू. विषय: ‘(फलकावर आहे तेच) कामाचे नाव’. कालावधी: ‘१ एप्रिल २०२४ ते (अर्जाची तारीख आकड्यांत)’. ‘आजपर्यंत’ किंवा ‘सुरुवातीपासून’ असं मोघम नको. वर्णन असं: ‘वरील कामाच्या संचिकेतील पुढील कागदांच्या साक्षांकित प्रती मिळाव्यात. तांत्रिक मान्यतेसह अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिकेतील या कामाची सर्व पाने, गोषवाऱ्यासह, गुणनियंत्रण चाचणी अहवाल, अदा केलेली सर्व देयके, काम पूर्णत्वाचा दाखला, दोषदायित्व कालावधीची अट असलेले निविदेचे पान.’ चाळीसेक शब्दांत काम झालं आणि यातल्या एकाही कागदाला ‘प्रश्नार्थक’ म्हणता येत नाही. ‘साक्षांकित’ हा शब्द विसरू नका, नाहीतर साधी झेरॉक्स हातात पडते आणि पुढे कुठे सादर करताना तिला किंमत राहत नाही.

या कागदांत काय बघायचं? अंदाजपत्रकात काय ठरलं होतं, मोजमाप पुस्तिकेत काय झालं असं लिहिलं आहे, आणि देयकात कशाचे पैसे गेले, ही तीन पानं शेजारी ठेवायची. मोजमाप पुस्तिका, म्हणजे सगळे म्हणतात ती ‘एमबी’, वाचायला अवघड नाही. एका ओळीत बाब, संख्या, लांबी, रुंदी, जाडी आणि परिमाण. समजा ओळ अशी आहे: १ × १२०.०० × ३.५० × ०.१० = ४२.०० घनमीटर. म्हणजे १२० मीटर लांब, साडेतीन मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर जाड थर. लांबी-रुंदी टेपने रविवारी सकाळी मोजता येते. रुंदी तीन मीटरच भरली तर सहा घनमीटरचे पैसे कुठे गेले हा प्रश्न कागदानेच विचारला, आपल्याला विचारावा लागत नाही. जाडी मात्र उखडलेल्या कडेवरच दिसते. फोटोत पट्टी ठेवून घ्या.

मग तारखा. मोजमाप घेतल्याची तारीख कार्यारंभ आदेशाच्या आधीची असू शकत नाही. उपअभियंत्याने तपासलेल्या मोजमापांसमोर त्याची सही आणि तारीख लागते, ती नुसतीच शेवटच्या पानावर आहे का बघा. काँक्रीटचा रस्ता असेल तर १५० मिलिमीटरचे ठोकळे भरून २८ दिवसांनी त्यांची दाबशक्ती तपासतात. एम-३० काँक्रीटला प्रति चौरस मिलिमीटर ३० न्यूटन ही अपेक्षा. ठोकळे भरल्याची तारीख १० आणि २८ दिवसांच्या चाचणीचा अहवाल त्याच महिन्याच्या २५ ला, असं दिसलं तर पुढचं काही वाचायची गरज उरत नाही. आणि दोषदायित्व कालावधी चालू असेल तर दुरुस्ती ठेकेदाराने स्वखर्चाने करायची असते. भांडण ‘का उखडला’ याचं राहतच नाही, ‘कधी दुरुस्त करता’ याचं होतं.

नुसती रस्त्याचीच फाइल नव्हे. ग्रामपंचायतीला घराच्या नोंदीसाठी नमुना ८ मागायचा, ठराव हवा असेल तर मासिक सभेचं इतिवृत्त तारखेसह. नगररचनेत बांधकाम परवानगी, मंजूर नकाशा, जोत्याचा दाखला आणि भोगवटा प्रमाणपत्र असे चार वेगळे कागद असतात. ‘बिल्डिंगची सगळी कागदपत्रं’ म्हटलं की चारही हुकतात. कुठल्याही कार्यालयात तुमचा स्वतःचा अर्ज अडकला असेल तर त्याचा आवक क्रमांक देऊन ‘या अर्जावरील टिपणी भागाची सर्व पाने आणि कार्यविवरण नोंदवहीतील संबंधित पानाची प्रत’ मागा. कोणत्या टेबलावर किती दिवस पडून होता हे त्यात तारखेनिशी दिसतं. बरेचदा ही मागणी पोचल्यावर मूळ काम आपोआप हलतं, माहिती यायच्या आधीच.

गृहनिर्माण सोसायटीचा हिशेब मात्र या रस्त्याने येत नाही. सोसायटी स्वतः सार्वजनिक प्राधिकरण नाही. उपनिबंधकांकडे जे दाखल आहे, लेखापरीक्षण अहवाल वगैरे, तेवढं त्यांच्याकडे मागता येतं. बाकीचं सहकार कायद्याखाली सभासद म्हणून मागा.

कागदाचं नावच माहीत नसेल तर? मग प्रती मागू नका, पाहणी मागा. कलम २(ञ) मध्ये अभिलेखाची पाहणी करण्याचा अधिकार स्पष्ट आहे, पण वापरतात फार थोडे. शिवाय सामान्य प्रशासन विभागाच्या २६ नोव्हेंबर २०१८ च्या निर्णयाप्रमाणे जिल्हास्तरीय कार्यालयं आणि स्थानिक स्वराज्य संस्थांनी दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळात नागरिकांना अभिलेख पाहायला उपलब्ध करून द्यायचे आहेत. कारकुनाला हा निर्णय माहीत नसतो, किंवा माहीत नसल्यासारखं दाखवतो. निर्णयाची एक प्रत पिशवीत ठेवा.

पाहणीला जाताना शिसपेन्सिल न्या. नियमांतच आहे, पेन बाहेर ठेवायला सांगतात, आणि त्यात वावगं काही नाही, मूळ कागदावर कोणी खरडू नये एवढाच हेतू. फाइल उघडली की एका बाजूला टिपणी भाग, दुसऱ्या बाजूला पत्रव्यवहार भाग. दोन्हींना वेगळे पृष्ठांक असतात. नवशिके लोक पत्रव्यवहारात हरवतात कारण तो जाड असतो. खरा मजकूर टिपणीत: कोणी काय प्रस्तावित केलं, कोणी शेरा मारला, कोणी न बोलता सही केली. प्रत हव्या असलेल्या पानांचे क्रमांक ‘टिपणी १४ ते १९, पत्रव्यवहार ३७, ३८, ५२’ असे लिहून त्याच वेळी लेखी द्या आणि पोच घ्या. पृष्ठांक टाकलेच नसतील तर तसंही लिहून द्या. क्रमांक नसलेल्या फाइलीतून पान जायला वारा पुरतो. अशी पाहणी करून मागितलेल्या बारा पानांचे २४ रुपये होतात. न पाहता ‘संपूर्ण संचिका’ मागितली तर २१२ पानांचे ४२४ रुपयांचं पत्र येतं आणि त्यातली दोनशे पानं निविदेच्या छापील अटी असतात.

पैशाच्या या पत्राचं एक गणित आहे. ए-४ किंवा ए-३ पानाला दोन रुपये हा दर, आणि पत्रात रक्कम कशी काढली ते दाखवायला हवं. पत्र पाठवल्यापासून पैसे भरेपर्यंतचे दिवस ३० दिवसांच्या मुदतीतून वगळले जातात. अर्ज मिळाल्यावर २८ व्या दिवशी पत्र निघालं आणि तुम्ही दहा दिवसांनी पैसे भरले, तर त्यांच्याकडे दोन दिवस उरतात, नवे तीस नाहीत. ३० दिवस उलटून गेल्यावर पैसे मागितले तर कलम ७(६) प्रमाणे माहिती मोफत द्यायची असते. पैसे भरू नका, हे कलम लिहून लेखी उत्तर द्या. फक्त पाकिटावरचा पोस्टाचा शिक्का जपून ठेवा. पत्रावरची तारीख एक आणि शिक्क्याची आठ दिवसांनंतरची, हे नवीन नाही.

नकाराच्या पत्रात काही वाक्यं पुन्हा पुन्हा येतात. ‘माहिती व्यापक असून वेळ व साधनसामग्री वळवावी लागेल’ हे कलम ७(९) वरून घेतलेलं. त्या कलमाखाली माहितीचं स्वरूप बदलता येतं, माहिती नाकारता येत नाही. ‘मग पाहणी द्या’ असं पहिल्या अपिलात मागितलं की तो मुद्दा संपतो.

‘त्रयस्थ पक्षाची हरकत आहे’ असं आलं तर कलम ११ ची पायरी पाळली का बघा: अर्ज मिळाल्यापासून पाच दिवसांत त्या पक्षाला नोटीस, त्याला म्हणणं मांडायला दहा दिवस, एकूण ४० दिवसांत निर्णय. ठेकेदार ‘नको’ म्हणाला एवढ्यावर बिलं अडवता येत नाहीत. निर्णय माहिती अधिकाऱ्याने कारणं देऊन करायचा असतो.

‘वैयक्तिक माहिती’ हा नकार मात्र आता जड झाला आहे. कलम ८(१)(ञ) मध्ये आधी सार्वजनिक कामाशी संबंध आहे का, खासगीपणात अवाजवी हस्तक्षेप होतो का, हे तपासायचं होतं. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ ने ते सगळं काढून ‘वैयक्तिक माहिती’ एवढंच ठेवलं, आणि नोव्हेंबर २०२५ पासून तो बदल लागू आहे. आता धरायचं ते कलम ८(२): नुकसानापेक्षा जनहित मोठं असेल तर माहिती देता येते. पण जनहित कोणतं हे तुम्हालाच चार ओळींत लिहावं लागेल. शक्य असेल तिथे व्यक्तीची नावं मागूच नका. हुद्दा, आदेश क्रमांक, रक्कम यांनी बहुतेक काम भागतं. उरलेलं कलम १० प्रमाणे, म्हणजे नाकारण्यासारखा भाग झाकून बाकीचं पान द्या म्हणून.

आणि सगळ्यात चीड आणणारं वाक्य: ‘सदर संचिका कार्यालयात आढळून येत नाही.’ कलम ८ मध्ये नाकारण्याची जी कारणं दिली आहेत त्यांत ‘सापडत नाही’ हे कारण नाही. कार्यालयीन अभिलेखांचं अ, ब, क, ड असं वर्गीकरण असतं. अ कायमचे, ब तीस वर्षांचे, पुढचे कमी कमी काळाचे. मुदत संपून फाइल नष्ट केली असेल तर नष्टीकरणाची यादी आणि मंजुरी असते, ती मागा. ती नसेल तर फाइल हरवली आहे, आणि महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम, २००५ खाली अभिलेख बेकायदा नष्ट करणं किंवा बाहेर नेणं याला पाच वर्षांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. अपिलात ‘शोध घेऊन जबाबदारी निश्चित करावी, न सापडल्यास गुन्हा नोंदवून संचिकेची पुनर्बांधणी करावी’ असं लिहा. पुनर्बांधणी होते, कारण एका कामाचे कागद एकाच ठिकाणी नसतात. बिलाची प्रत लेखा विभागात आणि मंजुरीचा ठराव सभेच्या इतिवृत्तात असतोच. त्या दोन ठिकाणी वेगळे अर्ज टाकून ठेवले तर अपिलाची वाटही बघावी लागत नाही. ‘हरवलेल्या’ फाइली गुन्ह्याचा शब्द निघाल्यावर कपाटामागे सापडतात, हा या क्षेत्रातला जुना चमत्कार आहे.

उत्तरच आलं नाही तर पहिलं अपील. जोडपत्र ‘ब’, २० रुपयांचं तिकीट, त्याच कार्यालयातल्या वरिष्ठ अधिकाऱ्याकडे. ग्रामपंचायतीचं पंचायत समितीत. मुदत कॅलेंडरवर मांडून ठेवा. अर्ज ३ मार्चला मिळाला, तर ३० दिवस २ एप्रिलला संपले आणि अपील २ मेपर्यंत करायला हवं. गप्प बसणं म्हणजे नकार, उत्तराची वाट बघत जून उजाडला तर विलंबाचं कारण देत बसावं लागतं. अपिलात रागाचे परिच्छेद नकोत. मूळ अर्जाचा प्रत्येक मुद्दा, त्यावर काय मिळालं, काय नाही, आणि शेवटी नेमका कोणता आदेश हवा. निर्णयाला ३० दिवस, कारणं नोंदवून ४५.

तिथेही निभावलं नाही तर दुसरं अपील राज्य माहिती आयोगाच्या नाशिक खंडपीठाकडे, जोडपत्र ‘क’, पुन्हा २० रुपये, ९० दिवसांत. इथे बरेच जण कलम १८ खाली ‘तक्रार’ करतात आणि फसतात. तक्रारीवरून दंड होऊ शकतो, दिवसाला २५० रुपये, कमाल २५ हजार. पण कागद द्या असा आदेश तक्रारीत मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये मणिपूरच्या प्रकरणात सांगितलं आहे. कागद हवा असेल तर कलम १९(३) चं अपीलच. दंडाची मागणी त्याच अपिलात करता येते.

आयोगाची तारीख यायला बराच काळ जातो. तोपर्यंत तोच अर्ज जसाच्या तसा पुन्हा टाकण्यात अर्थ नाही, पण त्याच फाइलीची सोमवारची पाहणी मागण्यात आहे. सुनावणीला जाताना मूळ अर्ज, पोच, पाकीट, पहिलं अपील आणि आदेश हे पानांवर क्रमांक घालून एका टाचणीत लावून न्या, एक संच आयोगासाठी, एक माहिती अधिकाऱ्यासाठी. अधिकाऱ्याकडे बहुधा स्वतःचा संच नसतो, कारण मधल्या काळात त्याची बदली झालेली असते आणि तो ती फाइल पहिल्यांदाच बघत असतो.